पियानो ब्लॅकवरचे चरे आणि टवके: घरी काय जमतं आणि हात कुठे आवरायचा

नवीन गाडीत बसलं की डोळे आधी जातात ते गिअरभोवतीच्या त्या काळ्याभोर, आरशासारख्या पट्टीकडे. शोरूमवाला कौतुकानं सांगतो, "पियानो ब्लॅक आहे सर." सहा महिन्यांनी दुपारचं ऊन पुढच्या काचेतून तिरकं आत येतं आणि त्याच पट्टीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसायला लागतात. या रेघा बहुतेक वेळा मालकानंच पाडलेल्या असतात, गाडी पुसताना.

माझ्या गाडीवर मी या रेघा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाडल्या. आदल्या दिवशी पूजा झाली होती. कन्सोलवर, म्हणजे गिअरभोवतीच्या त्या भागावर, कुंकू, अक्षता आणि झेंडूच्या चुरगळलेल्या पाकळ्या पडल्या होत्या. हाताशी होतं ते कोरडं पिवळं फडकं घेतलं आणि खसाखसा पुसून मोकळा झालो. संध्याकाळी पार्किंगमध्ये दिवा लागला तेव्हा काय करून बसलोय ते दिसलं. बिचाऱ्या कुंकवाचा त्यात फारसा दोष नाही. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात, म्हणजे क्वार्ट्झ. कठीणपणाच्या मोह्‌स श्रेणीत क्वार्ट्झ ७ वर बसतो, साधा खिळा ५ च्या आसपास आणि प्लास्टिक त्याच्याही बरंच खाली. कोरड्या फडक्यानं धूळ पुसणं म्हणजे अगदी बारीक पॉलिश पेपर फिरवण्यासारखंच.

मग डॅशबोर्डच्या खरबरीत करड्या प्लास्टिकवर असे चरे का दिसत नाहीत? तो पृष्ठभाग मुळातच सगळीकडे प्रकाश विखुरतो, त्यामुळे चऱ्यानं विखुरलेला प्रकाश त्यात हरवून जातो. गुळगुळीत काळ्यावर लपायला जागाच नाही. चऱ्याच्या दोन्ही कडा उजेडात पांढऱ्या चमकतात. दुरुस्ती करायची म्हणजे या कडा घालवायच्या, एवढंच. त्या घासून घालवायच्या की भरून, हे ठरवण्याआधी हातात नेमकं काय आहे ते ओळखायला हवं.

आधी ओळख: रंगवलेलं की अंगचं काळं?

'पियानो ब्लॅक' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. एकात प्लास्टिकवर काळा रंग आणि वर पारदर्शक लॅकर असतं, गाडीच्या बाहेरच्या पत्र्यासारखं. दुसऱ्यात प्लास्टिक आरपार काळंच असतं, साच्यातूनच चकचकीत निघालेलं, वर काहीच नाही. दिसायला दोन्ही सारखी, वागायला अजिबात नाहीत.

कुठे टवका उडालेला असेल तर मोबाईलचा टॉर्च लावून त्याच्या तळाशी बघा. तळ वरच्याइतकाच काळा असेल तर प्लास्टिक अंगचं काळं. तळ करडा, पांढरट किंवा मळकट दिसत असेल आणि टवक्याला पायरीसारखी कड असेल तर ते रंगवलेलं. टवका नसेल तर पट्टीच्या अशा कोपऱ्यात, जिथे कुणाचं लक्ष जात नाही, पांढऱ्या कापडावर पॉलिशचा थेंब घेऊन दहा-बारा वेळा घासा. कापड काळं झालं तर प्लास्टिकचा रंग थेट हाताला लागतोय. काळं झालं नाही तर वर लॅकर आहे.

एवढा खटाटोप कशाला? कारण लॅकरचा थर डोक्याच्या केसापेक्षाही पातळ असतो. तो घासून संपवला की खालचा रंग उघडा पडतो आणि तिथे परत चकाकी येत नाही. अंगच्या काळ्या प्लास्टिकला ती भीती नाही, पण ते मऊ असतं आणि घासून तापलं की लगेच ओढल्यासारखं दिसतं. या पट्ट्या बहुधा एबीएस नावाच्या प्लास्टिकच्या असतात आणि ते साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतं. ड्रिल मशीनला पॅड लावून एका जागी धरलं तर तिथवर पोचायला फार वेळ लागत नाही. म्हणून पहिल्यांदा करणाऱ्यानं हातानंच करावं. वेळ जातो, पण पट्टी शाबूत राहते.

सामान

हे बरंचसं घरात निघेल. दोन-तीन स्वच्छ मायक्रोफायबर कापडं, एक मऊ रुंद ब्रश, मास्किंग टेप, मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल, गाडीच्या रंगासाठी मिळतं ते बारीक फिनिशिंग पॉलिश आणि फोमचा छोटा पॅड. खोल चऱ्यासाठी २००० आणि ३००० नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा पॉलिश पेपर लागेल. नंबर मोठा तितका पेपर बारीक. साध्या हार्डवेअरच्या दुकानात बहुधा २००० पर्यंतच असतो, ३००० साठी गाड्यांचा रंग विकणाऱ्याकडे जा. टवका भरायचा असेल तर काळ्या ग्लॉस टचअपची (टवके भरायच्या चकचकीत रंगाची) छोटी बाटली किंवा काळा सुपर ग्लू. साधा पारदर्शक सुपर ग्लू नको, काळाच मागा.

थिनर, ॲसिटोन, पेट्रोल आणि नेलपॉलिश रिमूव्हर मात्र घरातच राहू द्या. ॲसिटोन एबीएस चक्क विरघळवतं. एक थेंब पुरतो. थेंब पडला, पुसला आणि त्या जागी कायमचा मंद डाग, हे मी एका मित्राच्या गाडीत डोळ्यांनी पाहिलंय. टूथपेस्टही नको. तिच्यात घासणारे कण असतात हे खरं, पण ते किती बारीक हे दर ट्यूबला वेगळं, आणि दातांचं एनॅमल या प्लास्टिकपेक्षा कितीतरी टणक असतं.

धुणं

गाडी सावलीत लावा आणि पट्टी गार होऊ द्या. आधी ब्रशनं धूळ उडवा, कडांच्या फटींतली सुद्धा. मग पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका, कापड त्यात बुडवून घट्ट पिळा आणि न दाबता, नुसतं ठेवून ओढल्यासारखं पुसा. एकदा पुसलं की घडी उलटायची. पाणी ओतायचं नाही, स्प्रेही थेट मारायचा नाही. गिअरच्या खाली वायरी आणि स्विच असतात.

साबणानंतर अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून कापडावर घ्या आणि एक हात फिरवा. हे वगळू नका. डॅशबोर्ड चमकवायला आपण जे पॉलिश लावतो त्यात बहुधा सिलिकोन असतं. ते राहिलं तर टचअपचा रंग माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पाडत फाटतो. डेंटर-पेंटर त्याला 'फिश आय' म्हणतात आणि ते पाडणाऱ्याला आणखी काय काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

गंमत अशी की इतकं केल्यावर अर्धे 'चरे' निघूनच जातात. ते चरे नव्हतेच, बोटांच्या तेलात अडकलेली धूळ होती.

खोली मोजा: नख आणि पाण्याचा थेंब

राहिलेल्या चऱ्यावरून नख आडवं फिरवा. अडकलं नाही तर चरा वरवरचा. हलकंसं अडखळलं तर मधला. नख त्यात टेकून थांबलं तर तो भरावाच लागेल.

दुसरी परीक्षा मला जास्त भरवशाची वाटते. चऱ्यावर बोटानं पाण्याचा थेंब पसरवा. चरा ओला असताना पूर्ण दिसेनासा झाला तर पॉलिशनं तो जवळपास जाईल. पाण्याखालीही पांढरी किंवा करडी रेघ तशीच दिसत राहिली तर रंग कापला गेलाय. मग कितीही घासा, उपयोग नाही.

वरवरच्या जाळ्या

नव्वद टक्के लोकांना एवढंच करावं लागतं, त्यामुळे इथे नीट लक्ष द्या.

आजूबाजूला टेप लावा. पट्टीवर बटणं असतील तर त्यांच्यावर न चुकता. ज्या बटणांवरची चिन्हं रात्री उजळतात, ती बहुतेक पांढरट अर्धपारदर्शक प्लास्टिकची असतात. वर काळा रंग देऊन लेझरनं तेवढा चिन्हाचा आकार कोरलेला असतो. कडेचा रंग घासला गेला की रात्री बटणाच्या कोपऱ्यातून उजेड फुटतो, फाटक्या छत्रीसारखा. टचस्क्रीन आणि मीटरच्या काचेलाही हे पॉलिश लावायचं नाही. स्क्रीनवर बोटांचे ठसे न धरणारा थर असतो, तो निघून जाईल.

फोमच्या पॅडवर मुगाच्या दाण्याएवढं पॉलिश घ्या. खरंच मुगाएवढं. नवीन माणूस सुपारीएवढं घेतो, मग ते नुसतं घसरत राहतं आणि फटीत जाऊन पांढरं वाळतं. तळहाताएवढा भाग धरा, दोन बोटांच्या दाबानं आधी उभ्या, मग आडव्या हातानं, एकावर एक येतील असे पट्टे मारा. गोल गोल फिरवू नका. काही उरलंच तर सरळ रेघ कमी दिसते, गोल रेघ प्रत्येक कोनातून चमकते. पॉलिश पातळ होऊन जवळजवळ नाहीसं झालं की थांबा, स्वच्छ कापडानं पुसा, अल्कोहोलचा एक हात द्या आणि मग बघा. हा अल्कोहोलचा हात महत्त्वाचा. पॉलिशमधलं तेल चऱ्यात बसतं, 'झालं की!' असं वाटतं आणि आठवड्यानं चरा परत हजर होतो.

दोन-तीन फेऱ्यांत चांगला फरक पडतो. आणि टॉर्च नाकाजवळ धरून बघत बसू नका. ड्रायव्हरच्या सीटवर बसा, नेहमीसारखं बघा. तिथून दिसत नसेल तर काम झालं. टॉर्चखाली पट्टी अगदी बिनडाग करायच्या हट्टापायी लॅकर संपवणारे मी पाहिलेत. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

नखाला अडखळणारा चरा

इथे वॉटर पेपर येतो आणि इथेच सगळ्यांचे हात थरथरतात. थरथरले तर चांगलंच आहे.

शक्य असेल तर पट्टी काढून टेबलावर घ्या. पट्ट्या बहुधा क्लिपांवर बसवलेल्या असतात आणि प्लास्टिकच्या पट्टीनं उचकटून निघतात. स्क्रूड्रायव्हरनं काढायला गेलात तर एका चऱ्याचे चार होतील. पण स्टिअरिंगवरची पट्टी, आणि जिथे 'एअरबॅग' असं कोरलेलं दिसतं त्या भागाला लागून असलेलं काहीही घरी काढायचं नाही. ते जागेवरच करा, नाहीतर सोडून द्या.

३००० चा पेपर पंधरा मिनिटं पाण्यात भिजत ठेवा. खोडरबराच्या तुकड्याभोवती तो गुंडाळा. नुसत्या बोटानं धरला तर बोटाच्या आकाराची खळगी पडते, आणि चकचकीत काळ्यावर ती उजेडात लगेच ओळखू येते. साबणाच्या पाण्यानं भाग ओला ठेवून हलक्या हातानं एकाच दिशेनं घासा. आठ-दहा हात झाले की पुसून कोरडं करा. पट्टी त्या जागी धुरकट दिसेल. तसंच दिसायला हवं, घाबरू नका. धुरकटपणात चरा अजून दिसतोय का ते बघा. दिसेनासा झाला त्याच क्षणी थांबा.

३००० नं काहीच हलत नसेल तरच २००० घ्या, आणि तेही अंगच्या काळ्या प्लास्टिकवर. लॅकरवर २००० वापरायची हिंमत मी पहिल्या वर्षात केली नाही आणि तुम्हीही करू नये. २००० नंतर ३००० आलाच पाहिजे, पण आडव्या दिशेनं. म्हणजे आधीच्या पेपरच्या उभ्या रेघा गेल्या की नाही ते कळतं. कडा आणि कोपऱ्यांपासून चांगलं बोटभर दूर राहा. रंग आणि लॅकर कडेवर सगळ्यात पातळ असतं, दोन हातांत खालचं प्लास्टिक डोकावतं.

मग आधी सांगितल्यासारखं पॉलिश. या वेळी फेऱ्या जास्त लागतील, पाच-सहा सहज. धुरकट भाग कडेकडून चमकायला लागतो आणि मध्ये एक बेट राहतं. त्या बेटावरच जोर काढायचा मोह होतो. तो आवरा आणि आजूबाजूचा भागही बरोबर घ्या, नाहीतर तेवढाच तुकडा वेगळा चमकेल.

टवका

किल्ल्यांचा जुडगा पडला, पाण्याची स्टीलची बाटली आपटली, अंगठीचा खडा घासला. टवका उडतो तो असा, आणि पॉलिशनं तो भरत नाही.

रंगवलेल्या पट्टीवर काळं टचअप वापरा. बाटलीच्या झाकणातला ब्रश यासाठी फार जाड, तो विसरा. टूथपिकच्या टोकावर थेंब घ्या आणि टवक्याच्या मध्यभागी टेकवा, रंग आपोआप कडेपर्यंत पसरतो. पहिला थर अर्धाच भरेल. सुकला की बसतो, म्हणून तासाभरानं दुसरा, मग तिसरा, शेवटी आजूबाजूपेक्षा किंचित फुगीर दिसेपर्यंत. त्यानंतर हात लावायचा नाही. निदान चार दिवस, पावसाळा असेल तर आठवडा. कोकणात किंवा गोव्यात जुलैत हे काम काढूच नका. दमट हवेत रंगातला थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर ओल धरते आणि लॅकर दुधाळ होतं.

अंगच्या काळ्या प्लास्टिकसाठी काळा सुपर ग्लू, आणि इथे माझीच फजिती सांगतो. गिअरशेजारी तांदळाच्या दाण्याएवढा टवका होता. जुलैतली रात्र, बाहेर पाऊस. पठ्ठ्यानं ग्लू भरला, काचा लावल्या आणि घरी आलो. सकाळी बघतो तर टवका सुरेख भरलेला आणि भोवती हातभर पांढरं धुकं, पिठाची चाळण झटकल्यासारखं. या ग्लूची वाफ हवेतल्या ओलाव्याशी मिळून आजूबाजूच्या चकचकीत भागावर बसते. माझं ते पॉलिशनं निघालं, पण अर्धा रविवार त्यात गेला. म्हणून काचा उघड्या ठेवा, टवक्याभोवतीचा सगळा भाग टेपनं झाका आणि सुईच्या टोकावर मावेल एवढाच ग्लू एका वेळी घाला. चार पातळ थर एका जाड थरापेक्षा बरे, कारण जाड थर आतून ओलाच राहतो.

भरलेला फुगीर भाग सपाट करताना एक अडचण येते. सुकलेला ग्लू भोवतीच्या प्लास्टिकपेक्षा टणक असतो. सरळ पेपर मारला तर प्लास्टिक झिजतं आणि ग्लूची टेकडी उभीच राहते. त्यावर रंगकाम करणाऱ्यांची जुनी युक्ती आहे. दाढीचं नवं ब्लेड घ्या आणि धारेच्या दोन्ही टोकांना टेपचा एक-एक वेढा द्या, मध्ये अर्धा सेंटिमीटर धार उघडी ठेवा. टेपच्या जाडीमुळे धार पट्टीला टेकत नाही, फक्त वर आलेली टेकडी तासते. ब्लेड उभं धरून, कापायचं नाही तर खरवडायचं, अलगद, स्वतःकडे ओढत. भुरकट किस निघायला लागतो. टेकडी टेपच्या जाडीएवढी उरली की थांबा, मग ३००० चा पेपर, मग पॉलिश. टचअपच्या रंगालाही हीच युक्ती चालते.

भरलेला टवका पूर्ण अदृश्य होत नाही. वाकून शोधलं तर सापडतो. पण पांढरा ठिपका जाऊन काळ्यात काळा उरतो, आणि मला तेवढं पुरतं.

काही वेळा सोडून द्यायचं

टवका मोठा असेल, प्लास्टिकला तडा गेला असेल किंवा लॅकर पापुद्र्यासारखं सुटत असेल तर घासू नका. आधी सर्व्हिस सेंटरला तेवढ्याच पट्टीची किंमत विचारा. काही गाड्यांत ती सुटी मिळते आणि आपल्या दोन रविवारांपेक्षा स्वस्त पडते. काहींत अख्खा कन्सोल घ्यावा लागतो, मग आकडा ऐकून घरी या.

दुसरा मार्ग म्हणजे पट्टीवर विनाइलची फिल्म चढवणं. चकचकीत काळी घेऊ नका, तिच्यावर पुन्हा तेच रडगाणं. मॅट काळी किंवा घासलेल्या ॲल्युमिनियमसारखी घ्या. खालचे चरे झाकले जातात, टवके मात्र आधी भरावे लागतात, नाहीतर फिल्मवर खड्डा दिसतो. एअरबॅग जिथून फुटून बाहेर येते त्या जोडावर फिल्म ओढायची नाही.

स्प्रेच्या डब्यानं पट्टी घरी पुन्हा रंगवण्याच्या नादाला सुरुवातीला लागू नका. प्लास्टिक प्रायमर, काळा रंग, लॅकर, आणि हे सगळं धूळ नसलेल्या जागी. अशी जागा आपल्या बाल्कनीत नसते. हार्डनर (लॅकर कडक करणारं रसायन) मिसळायचं टिकाऊ लॅकर तर घरी मारूच नये, त्यातली आयसोसायनेट नावाची रसायनं फुफ्फुसांना घातक असतात. ते काम चांगला मास्क आणि रंगकामाची बंदिस्त खोली (बूथ) असलेल्या पेंटरचं.

दुरुस्तीनंतर

घासल्यामुळे पट्टीवर स्थिर वीज जमते आणि तासाभरात धूळ आणखी चिकटते. शेवटी किंचित ओलसर कापड फिरवा, कोरडं नाही. गिअरभोवतीच्या भागासाठी टीपीयू या लवचिक प्लास्टिकच्या पारदर्शक फिल्मचे कापून तयार केलेले तुकडे बऱ्याच गाड्यांसाठी मिळतात. दुरुस्तीनंतर लगेच ते लावले तर पुढचे चरे फिल्म खाते. फक्त टचअप भरलं असेल तर तो रंग पुरता वाळायला दोन-तीन आठवडे द्या, नाहीतर फिल्म काढताना रंगही बरोबर येईल.

मी आता दाराच्या कप्प्यात एक मऊ ब्रश आणि डब्यात ओलसर मायक्रोफायबर ठेवतो. सोसायटीत सकाळी गाडी पुसायला येणाऱ्या मुलाला सांगून ठेवलंय, काचा आणि मॅट कितीही घास, त्या काळ्या पट्टीला हात लावू नकोस. त्याला वाटतं तिथे काहीतरी पूजेचं आहे. दसऱ्याला कुंकू मी अजूनही लावतो, पण आता स्टिअरिंगच्या मागच्या खरबरीत भागावर.